फॉरमॅट मारण्याआधी थांबा

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी चार दिवस मावशीकडे सौंसरला गेले होते. नागपूरहून सावनेर, आणि सावनेरच्या पुढे गेलं की महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश लागतो. पाट्या हिंदी होतात, पण बसमधल्या बायकांची भाषा बदलत नाही. बेत साधा होता. केक खायचा, उन्हात बसून संत्री सोलायची आणि सोबत नेलेली कादंबरी संपवायची. यातलं फक्त केक खाणं पूर्ण झालं. त्यातले दोन दिवस मी मावशीच्या ऑफिसात, एका रुसलेल्या कॉम्प्युटरसमोर काढले.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू साहित्याची विद्यार्थिनी, तुझा आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचा काय संबंध?" मलाही आधी तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही. म्हणून हा लेख.

मावशी एका खाजगी कंपनीच्या शाखेत हिशेब बघते. शाखा लहानच. चार टेबलं, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. गाडीवाल्यांचं भाडं, हमालांची मजुरी, महिनाअखेरची बिलं हे सगळं तिच्या टेबलावरून जातं. डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराच्या संत्र्याचे शेवटचे दिवस. दारात गाडीवाले उभे, आणि नेमका तिचाच कॉम्प्युटर तिला आत घेईना. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, तर इंग्रजीत एक ओळ यायची. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं मला विचारलं, "पोरी, त्या कॉम्प्युटरवर लिहून येऊन राह्यलं की विश्वास तुटला म्हणून. कोणाचा कोणावरचा विश्वास, मले सांग!"

मी हसले. नंतर कळलं की प्रश्न अगदी बरोबर होता, आणि दोन दिवसांत तेवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कोणीच विचारला नव्हता.

आपल्या घरचा कॉम्प्युटर स्वतःचा मालक असतो. ऑफिसात तसं नसतं. तिथं सगळे कॉम्प्युटर एका मुख्य सर्व्हरला मानतात. कोण आत येणार, कोणाला कोणती फाईल दिसणार, कोणत्या प्रिंटरवर कागद निघणार, हे तो ठरवतो. या कुटुंबाला डोमेन म्हणतात आणि त्या प्रमुखाला डोमेन कंट्रोलर. मायक्रोसॉफ्टनं विंडोज २००० सर्व्हरबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी नावाची जी व्यवस्था आणली, तीच आजही असंख्य ऑफिसांत चालते. माणसाला जसं नाव आणि पासवर्ड असतो, तसाच या व्यवस्थेत कॉम्प्युटरलाही स्वतःचा खातेक्रमांक म्हणा, नाव म्हणा, आणि पासवर्ड असतो. तो कोणी टाइप करत नाही, कोणाला माहीतही नसतो. कॉम्प्युटर तो साधारणपणे दर ३० दिवसांनी आपणहून बदलतो आणि सर्व्हरला कळवतो. दोघांकडची नोंद जुळली की सकाळी मावशीला आत घेतात. नाही जुळली की 'विश्वास तुटला'.

मग ती जुळेना का झाली? नाताळच्या आठवडाभर आधी हा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं विंडोजला अडीच महिने मागच्या स्थितीत नेलं आणि तो सुरू करून दिला. त्यात त्याची काही चूक नाही, कॉम्प्युटर खरंच सुरू झाला. पण अडीच महिने मागे जाताना तो आपला जुना पासवर्डही घेऊन आला. मधल्या काळात पासवर्ड बदलला होता, आणि सर्व्हरकडे नवा होता. म्हणजे कोणी कोणाला फसवलं नव्हतं. एक जण मागे राहिला होता, एवढंच.

या टप्प्यावर उपाय अगदी लहान होता, हे मला नंतर कळलं. कॉम्प्युटर डोमेनमध्येच ठेवून, ऑफिसच्या लाईनवर असताना, अधिकार असलेल्या माणसानं एक आज्ञा चालवायची. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनेल' अशा नावाची आज्ञा आहे. ती दोघांमधलं नातं तपासते, आणि तिच्यापुढे 'रिपेअर' जोडलं तर नवा पासवर्ड ठरवून ते पुन्हा जुळवते. दोन मिनिटांचं काम.

ते झालं नाही. त्याऐवजी काय काय झालं ते ऐका.

आधी कोणीतरी युक्ती सांगितली, की नेटवर्कची वायर काढून लॉगिन करा. ती चालली! कारण विंडोज आधी येऊन गेलेल्या माणसांची ओळख स्वतःपाशी जपून ठेवतो, साधारण शेवटच्या दहा जणांची. सर्व्हर भेटला नाही तर त्या आठवणीवर आत घेतो. पण वायर काढलेल्या कॉम्प्युटरवरून बिल मुख्य कार्यालयाला कसं जाणार? दोन दिवस मावशी हिशेब करत राहिली आणि पेन ड्राइव्हनं शेजारच्या टेबलावर नेत राहिली.

मग दुकानातला मुलगा आला. चांगला पोट्टा, मदतीलाच आला होता. म्हणाला, "डोमेनमधून बाहेर काढतो आणि परत जोडतो, हून जाईन." बाहेर काढणं झालं. परत जोडणं होईना. आणि त्यानं बनवलेल्या नव्या खात्यानं कॉम्प्युटर उघडला तर मावशीचा डेस्कटॉप कोरा. गाडीभाड्याच्या सगळ्या फायली तिथंच होत्या. मावशीचा चेहरा मी पाहिला नाही, पण तिनं जसं सांगितलं त्यावरून कल्पना आली. "सगळं गेलं ना पोरी. वर्षाचा हिशेब गेला."

आणि मग तो शब्द आला. "फॉरमॅट मारून टाकू. नवीन विंडोज टाकतो, एकदम झक्कास."

साहेब म्हणाले, "मारा फॉरमॅट, पण मॅडमनी नक्की कशाला हात लावला होता?"

हा लेख मी मुख्यतः या दोन वाक्यांच्या विरोधात लिहिते आहे.

पहिलं वाक्य फॉरमॅटचं. मावशीच्या फायली कुठंही गेल्या नव्हत्या. कॉम्प्युटर डोमेनबाहेर गेला म्हणून तिचं डोमेनचं खातं चालत नव्हतं, आणि नवं खातं उघडल्यामुळे नवी कोरी खोली दिसत होती. तिची खोली तशीच होती, बंद. सी ड्राइव्हमधल्या 'युजर्स' या फोल्डरमध्ये तिच्या नावाचं फोल्डर सगळ्या फायलींसकट बसलेलं होतं. फॉरमॅट मारला असता तर मात्र खरोखर सगळं गेलं असतं. जे हरवलंच नव्हतं ते आपण स्वतःच्या हातानं पुसलं असतं आणि त्याला दुरुस्ती म्हटलं असतं.

लहान गावांत फॉरमॅट इतका लोकप्रिय का आहे, हे मला समजतं. दुकानदाराला दिवसाला दहा कॉम्प्युटर बघायचे असतात. बिघाड शोधायला दोन तास लागतात, फॉरमॅटला एक. आणि शोधण्याचे पैसे कोणी देत नाही, 'नवीन टाकलं' म्हटलं की देतात. म्हणजे दोष एकट्या दुकानदाराचा नाही. आपण विचारण्याचे पैसे द्यायला तयार नाही, पुसण्याचे देतो.

दुसरं वाक्य साहेबांचं. जिथं यंत्र कोणाला कळत नाही तिथं दोष त्या यंत्राजवळ बसणाऱ्यावर येतो. बहुतेक वेळा तिथं बसणारी बाई असते, किंवा सर्वांत कमी पगाराचा माणूस. मावशीनं कशालाही हात लावला नव्हता. पण तसं सिद्ध करायला तिच्यापाशी शब्द नव्हते. मुख्य कार्यालयाच्या हेल्पडेस्कचा फोन आला की पलीकडून भराभर हिंदी-इंग्रजी यायचं, आणि इकडून मावशी "हो जी, हो जी" म्हणायची. तिला काही कळत नव्हतं. पण 'कळलं नाही' म्हणायला तिला लाज वाटत होती, आणि पलीकडच्याला थांबायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. माझी पात्रता विचाराल तर एवढीच, की मला इंग्रजी वाचता येतं आणि मावशीशी मराठीत बोलता येतं. माझा एक मावसभाऊ नागपुरात नेटवर्कचंच काम करतो. तो अधूनमधून फोनवर होता. हेल्पडेस्कशी मी बोलत होते. दिवसभर मी खरं तर दुभाषाचं काम केलं.

पहिला दगड रस्त्यात लागला तो असा. डोमेनमध्ये जोडायला गेलं की संदेश यायचा, डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही. दुकानातला मुलगा म्हणत होता की नेट तर मस्त चालू आहे. खरंच चालू होतं, यूट्यूबसुद्धा दिसत होतं. पण तिथंच फसगत होती. कॉम्प्युटर नावावरून पत्ता शोधतो तो डीएनएसकडे विचारून. इंटरनेट नीट चालावं म्हणून दुकानात तिथं ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता भरलेला होता. गूगलला अख्खं जग ठाऊक असलं तरी एका कंपनीचा आतला सर्व्हर कुठं बसतो हे त्याला कुठून ठाऊक असणार? परगावच्या माणसाला रेल्वे स्टेशन विचारलं तर सांगेल, 'आमच्या शालूताईचं घर' विचारलं तर कसं सांगेल? तो पत्ता काढून तिथं ऑफिसच्या सर्व्हरचा पत्ता भरला, जुन्या आठवणी पुसायची छोटी आज्ञा दिली, आणि सर्व्हर दिसू लागला.

दुसरा दगड घड्याळाचा. कोपऱ्यातली तारीख एक वर्ष मागची होती. कॉम्प्युटर बंद असताना वेळ सांभाळायला आत एक बटणासारखा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला होता, त्यामुळे दर वेळी लाईट गेली की कॉम्प्युटर तारीख विसरायचा. साधी वाटणारी ही गोष्ट डोमेनमध्ये मोठी असते. तिथं ओळख पटवण्याची जी पद्धत आहे तिचं नाव कर्बेरॉस. एमआयटीमध्ये १९८० च्या दशकात ती तयार झाली. दोघांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर ती ओळख नाकारते, कारण जुनी चोरलेली ओळखपत्रं कोणी नंतर वापरू नयेत. आम्हा साहित्यवाल्यांना हे नाव ओळखीचं. ग्रीक पुराणकथांत पाताळाच्या दारावर बसणारा तीन डोक्यांचा कुत्रा तो हाच. सौंसरच्या बाजारातून सेल आणला, तारीख-वेळ नीट केली. कुत्रा शांत झाला.

तिसरा दगड सर्वांत जड होता. आता संदेश आला की या नावाचं खातं आधीच आहे, आणि सुरक्षेच्या नियमामुळे ते पुन्हा वापरता येणार नाही. हेल्पडेस्कच्या माणसालाही हे नवीन होतं. तो म्हणत राहिला, "ऐसा तो पहले कभी नहीं आया." आला नसेल, कारण नियमच अलीकडचा आहे. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटमध्ये तो आणला. आधी कोणीही परवानगी असलेला माणूस जुन्याच नावाचं खातं नव्या कॉम्प्युटरला चिकटवू शकत होता. म्हणजे एखाद्याला दुसऱ्याच्या नावानं घरात शिरता येत होतं. ती फट बुजवली. आता ते खातं ज्यानं मुळात बनवलं तो, किंवा ते डोमेनच्या मुख्य प्रशासकानं बनवलेलं असेल तर, अशाच बेतानं पुन्हा वापरता येतं. आमच्या कॉम्प्युटरचं खातं बनवणारा कंत्राटी तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला होता. हेल्पडेस्कचा माणूस दुसऱ्याच नावानं आत आला होता. म्हणून दार बंद.

हेल्पडेस्कवाल्यानं एक चोरवाट सुचवली. रजिस्ट्रीत एक किल्ली बदलली की नियम बाजूला सरकतो, असं त्यानं कुठंतरी वाचलेलं. मावसभाऊ फोनवर म्हणाला, "ती वाट ऑगस्ट २०२४ च्या अपडेटनंतर बंद आहे. आणि बंद आहे ते बरंच आहे. वरच्या प्रशासकाला बोलवायला सांग." मी सांगितलं. तासाभरानं प्रशासक आले. त्यांनी आधी एक गोष्ट तपासली, जी मला फार आवडली. जुनं खातं पुसण्याआधी त्यात डिस्कच्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, सुटका-किल्ली ठेवलेली आहे का हे त्यांनी पाहिलं. खातं पुसलं की ती किल्लीही जाते, आणि पुढं कधी कुलूप अडकलं तर हात हलवत बसावं लागतं. किल्ली नव्हती. मग त्यांनी खातं काढलं, आम्ही कॉम्प्युटर जोडला, 'डोमेनमध्ये स्वागत' असा संदेश आला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

मावशीनं आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. डेस्कटॉप उघडला. गाडीभाड्याच्या फायली जिथल्या तिथं. मागं तिच्या नातवाचा फोटोसुद्धा. संध्याकाळचे पाच वाजले होते. ती काही बोलली नाही. पदरानं कीबोर्ड पुसला आणि पहिलं बिल उघडलं.

आता मला जे म्हणायचं आहे ते.

या तिन्ही दगडांपैकी एकही असा नव्हता की जो मराठीत समजावता आला नसता. पत्ता चुकीचा, घड्याळ मागे, खातं दुसऱ्याच्या नावावर. यात कोणती गोष्ट सातवी शिकलेल्या माणसाला कळणार नाही? तरीही दोन दिवस एक अनुभवी बाई स्वतःला अडाणी समजत बसली, कारण ते कोणी तिच्या भाषेत सांगितलं नाही. यंत्राचा संदेश इंग्रजीत. मुख्य कार्यालयाचा फोन हिंदीत. आणि टेबलावर बसलेली बाई मराठी.

हे सौंसर-पांढुर्ण्याला काही नवीन नाही. १९५६ पर्यंत हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि राजधानी झाली भोपाळ. जाम नदी होती तिथंच राहिली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमारही होत राहिली, घरात मराठीही राहिली. फक्त अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा ते बदललं. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हा भाग काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. माणसं हलली नाहीत, पण त्यांचं वरचं कार्यालय पुन्हा बदललं. अशा ठिकाणच्या माणसाला वरून येणारी प्रत्येक सूचना मनातल्या मनात उलथवून घ्यायची सवय असते. सूचना सोपी असली तर ते जमतं. 'सिक्युअर चॅनेल', 'अकाउंट रीयूज' असे शब्द आले की "हो जी" एवढंच उरतं.

कोणी म्हणेल, मग इंग्रजी शिका. शिकावीच, मीही शिकते आहे, तीच माझी पदवी असणार आहे. पण बावन्न वर्षांच्या मावशीला हे सांगणं म्हणजे तहान लागलेल्याला विहीर खणायला पाठवणं. आणि कोणी म्हणेल, मराठीत 'डोमेन' ला शब्द कुठं आहे? नसू दे. डोमेन म्हणा, सर्व्हर म्हणा, पासवर्ड म्हणा. मावशी ते शब्द रोजच वापरते. अडचण नावांची नव्हतीच. काय आधी करायचं, काय नंतर, का करायचं आणि कोणाला विचारायचं, ही वाक्यं मराठीत हवी होती. आपल्याकडे पारिभाषिक शब्दांचे कोश निघतात, त्यावर वाद रंगतात, आणि साधी दहा वाक्यं लिहायची राहून जातात.

उलट बाजूही सांगते, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. काही ऑफिसांत यावरचा उपाय म्हणून सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकतात. एकच प्रशासकाचा पासवर्ड सर्व कॉम्प्युटरना, आणि तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. हा उपाय रोगापेक्षा वाईट. एक कॉम्प्युटर हाती लागला की सगळे लागतात. त्यासाठीच मायक्रोसॉफ्टची लॅप्स नावाची सोय आहे. प्रत्येक कॉम्प्युटरच्या स्थानिक प्रशासकाला वेगळा पासवर्ड, तो आपोआप बदलणारा आणि मुख्य कार्यालयात जपलेला. एप्रिल २०२३ पासून ती विंडोजमध्येच येते. तिसऱ्या दगडानं आम्हाला दोन तास रखडवलं, पण तो नियम चुकीचा नव्हता. कुलूप हवंच. प्रश्न एवढाच, की कुलूप कुठलं आहे आणि किल्ली कोणापाशी आहे हे दारात उभ्या असलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगायला काय हरकत आहे?

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक लहान शाखेत, कॉम्प्युटरजवळ, तिथल्या माणसाच्या भाषेत एक पान असावं. त्यावर पासवर्ड नकोत. आधी तारीख आणि वेळ पाहा. मग डीएनएसचा पत्ता ऑफिसचाच आहे ना ते पाहा, नेट चालू आहे यावर भुलू नका. डोमेनमधून बाहेर काढण्याआधी स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड कोणाकडे आहे याची खात्री करा, नाहीतर बाहेर पडाल आणि आतही जाता येणार नाही, अशी गत होईल. बाहेर काढण्याआधी दुरुस्तीची आज्ञा चालवायला मुख्य कार्यालयाला सांगा. कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता का, जुना बॅकअप चढवला का, ते फोनवर आपणहून सांगा. पडद्यावरच्या संदेशाचा फोटो काढा, तो पुसू नका. आणि फायलींची प्रत बाजूला काढल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.

ही सातच वाक्यं आहेत. ती लिहायला इंजिनिअर लागतो, पण एकटा इंजिनिअर पुरत नाही. त्याला गोष्ट माहीत असते, समोरच्याला ती कशी ऐकू जाईल ते नेहमी माहीत नसतं. तिथं आपलं काम सुरू होतं. आपण वाङ्मय मंडळात कविता वाचतो, कथेवर चर्चा करतो, मराठी भाषा गौरव दिनी भाषेच्या भवितव्याची काळजी करतो. हे सगळं राहू द्या. पण वर्षातून एकदा, संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, अशी पाच-दहा पानं आपण लिहू शकतो. बँकेचं ॲप अडकलं तर, आधारची ओटीपी आली नाही तर, ऑफिसचा कॉम्प्युटर डोमेनबाहेर गेला तर. आपल्या वर्गात सौंसरचे आहेत, पांढुर्ण्याचे आहेत, काटोल-नरखेडचे आहेत. प्रत्येकाच्या घरी एक तरी माणूस असा आहे, जो फोनवर न कळता "हो जी" म्हणतो. भाषा टिकवायची असेल तर ती या माणसाच्या उपयोगी पडली पाहिजे, असं मला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा नीट कळलं.

मावशीनं माझ्या पानाची वाट पाहिली नाही. मी निघाले त्या दिवशी तिनं एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःच सगळं लिहून काढलं होतं. अक्षर सुंदर, क्रमांक घातलेले. डीएनएसच्या पुढे तिनं लिहिलं होतं, 'शालूताईचं घर'. जानेवारीत तिचा फोन आला. त्यांच्याच कंपनीच्या पांढुर्ण्याच्या शाखेतही एक कॉम्प्युटर तसाच अडला होता, आणि तिथल्या बाईनं तिला विचारलं होतं.

"मग तू काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, घाबरू नका जी. विश्वास तुटला म्हणजे कोणी चोर नाही झालं. आधी घड्याळ पाहा. आणि तो फॉरमॅटवाला आला तर त्याले चहा पाजा, पण कॉम्प्युटरले हात लावू देऊ नका."